स्लाऊच्या जिमचा गल्ला आणि आपल्या काट्यावरचा मोत्या



या पानावर आम्ही एरवी बेण्याबद्दल, खोडव्याबद्दल आणि पाचट न जाळण्याबद्दल लिहीत असतो. पाचटाबद्दल तर इतक्यांदा लिहिले आहे की, मागच्या अंकानंतर एका सभासदाने आम्हाला गट ऑफिसात गाठून विचारले, "साहेब, पाचट सोडून दुसरं काही सुचतंय का नाही तुम्हाला?" त्यांचे म्हणणे आम्ही मनावर घेतले. आज पाचटाला सुट्टी. आज आम्ही एका कुत्र्याची गोष्ट सांगणार आहोत. शेतकी खात्याचा आणि कुत्र्याचा संबंध काय, असे कोणी म्हणेल. संबंध आहे, आणि तो शेवटी आपल्या फडापर्यंत येतो. तेव्हा जरा धीर धरून वाचावे, ही विनंती.

झाले ते असे. आपल्या एका सभासदाचा मुलगा नोकरीनिमित्त इंग्लंडात असतो. लंडनच्या पश्चिमेला स्लाऊ नावाचे गाव आहे, तिथून तो रोज आगगाडीने कामावर जातो. गेल्या हंगामात, ऐन गर्दीच्या वेळी आम्ही काट्यावर उभे असताना त्याने आमच्या फोनवर एक फोटो पाठवला. काचेची पेटी, आत एक कुत्रा उभा, अंगावर पट्टे, पाठीवर डबा. खाली लिहिले होते, "काका, पाच नंबरच्या फलाटावर हा उभा आहे. रोज येता-जाता बघतो. तुम्हाला दाखवावासा वाटला."

त्या वेळी मागे ट्रॅक्टरवाले हॉर्न वाजवत होते, म्हणून फोन खिशात टाकला. रात्री घरी गेल्यावर सावकाश वाचायला घेतले, आणि मग बराच वेळ वाचतच बसलो.

जिम कोण होता?

त्या कुत्र्याचे नाव जिम. 'स्टेशन जिम' या नावाने तो ओळखला जातो. साधारण १८९४ साली, तीन महिन्यांचे पिल्लू असताना तो स्लाऊ स्टेशनावर आला. लोकरीच्या गुंड्याएवढा होता, ओव्हरकोटाच्या खिशात मावायचा. स्टेशनच्या नोकरांनी त्याला पहिली गोष्ट शिकवली ती पूल चढून पलीकडे जाण्याची. हे त्याच्या डोक्यात इतके पक्के बसले की, मरेपर्यंत त्याने एकदाही रूळ ओलांडले नाहीत. (आपल्या यार्डात गव्हाणीपुढून आडवे पळणाऱ्या मंडळींनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.)

चार महिन्यांचा झाला आणि जिमची नेमणूक झाली. काम काय, तर पाठीवर गल्ला बांधून फलाटावर हिंडायचे. कोणी नाणे टाकले की एकदा भुंकायचे. हीच त्याची पावती! नाणे टाका, जिम भुंकणार. चांदीचे टाका नाहीतर तांब्याचे टाका, भुंकणे तेच.

याशिवाय त्याच्या अंगी पुष्कळ कला होत्या. दोन पायांवर उभा राहायचा, मुजरा करायचा, "मर" म्हटले की आडवा होऊन मरून दाखवायचा. खुर्चीवर बसून डोक्यावर टोपी आणि तोंडात चिलीम घेऊन ऐटीत बघायचा. भिंतीला शिडी लावली तर चढून जायचा. कोणी पेटती काडी खाली टाकली तर गुरगुरत ती विझवायचा. स्टेशनावर एकदा प्रथमोपचाराची परीक्षा होती, तर हा पठ्ठ्या जाऊन स्ट्रेचरवर झोपला आणि बाकीच्या 'जखमीं'बरोबर त्यानेही पट्ट्या बांधून घेतल्या. आता अशा कुत्र्यापुढे कोणाचा हात खिशात जाणार नाही?

एका रविवारी साउथॉल इथल्या मिरवणुकीत त्याला नेले होते. सोमवारी सकाळी डबे उघडले तर २६५ नाणी निघाली. त्यांत चांदीची फक्त पाचेक, बाकी सारा तांब्याचा खुर्दा. म्हणजे एका दुपारी जिम २६५ वेळा भुंकला!

आमचे काम टनांचा आणि एकरांचा हिशेब करण्याचे, त्यामुळे आम्हाला राहवले नाही. त्या काळी तिकडे २४० पेन्सचा एक पाऊंड होई. तांब्याची २६० नाणी सगळी पेनीची धरली तरी रक्कम होते एक पाऊंड, एक शिलिंग, आठ पेन्स. रेल्वेतल्या साध्या हमालाचा आठवड्याचा पगार त्या काळी पाऊंडाच्या आसपास असे. म्हणजे कुत्र्याने एका दुपारी माणसाच्या आठवड्याची मजुरी मिळवली, तीही लोकांना हसवून.

जिमची नोकरी दोनेक वर्षांचीच झाली. त्याची तब्येत मुळात नाजूक होती. १९ नोव्हेंबर १८९६ च्या संध्याकाळी, अंगावर पट्टे बांधलेले असताना, फलाटावरच तो अचानक गेला. तोवर त्याने फंडाला सुमारे ४० पाऊंड मिळवून दिले होते. पेनीच्या हिशेबात ९,६०० नाणी. गावकऱ्यांनी आणि स्टेशनच्या नोकरांनी वर्गणी काढून त्याला पेंढा भरून काचेच्या पेटीत उभा केला. सव्वाशेहून अधिक वर्षे झाली, तो तिथेच आहे.

पण पैसे कोणासाठी?

आता मुद्द्याची गोष्ट. जिम ज्या फंडासाठी भुंकत होता, तो ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा विधवा व अनाथ फंड होता.

त्या काळी इंग्लंडात रेल्वेच्या कामावर दर वर्षी शेकडो माणसे मरत. गाड्यांच्या टकरी वर्तमानपत्रांत छापून येत, पण नोकर मरत ते बहुतेक एकेकटे, कोणाच्या लक्षात न येता. रुळाची दुरुस्ती करणारा गॅंगमन धुक्यात गाडीखाली येई. सर्वांत वाईट काम शंटिंगचे. डब्याला डबा जोडायचा तर माणूस दोन डब्यांच्या मध्ये शिरे. पाय घसरला, नाहीतर मागच्याने इशारा चुकीचा समजून धक्का दिला, की संपले.

हे वाचताना आमच्या डोळ्यांपुढे आपले यार्ड आले. ट्रॅक्टरला दुसरा ट्रेलर जोडताना पिन टाकायला मध्ये कोण उभा असतो? क्लीनर. वय काय त्याचे? मिसरूड फुटलेले नसते. रात्री दोन वाजता, झोपेने डोळे मिटत असताना, "ये... ये... ये... बस!" असे ओरडत तो मध्ये उभा असतो.

इंग्लंडात त्या वेळी असा माणूस मेला तर मागे राहिलेल्यांना मिळे काय? बहुधा काही नाही. १८८० साली मालकाची जबाबदारी ठरवणारा कायदा झाला, पण चूक मालकाची किंवा त्याच्या मुकादमाची होती हे मयताच्या बायकोने सिद्ध करायचे. ते तिने कुठून करायचे? म्हणून रेल्वेच्या नोकरांनी आपापसांत वर्गणी काढून फंड उभे केले. डर्बीला १८७५ साली रेल्वे नोकरांच्या पोरक्या मुलांसाठी अनाथालय निघाले. लंडनमध्ये क्लॅपम भागात १८८५ साली दुसरे निघाले, ते पुढे १९०९ साली वोकिंगला मोठ्या इमारतीत गेले.

नोकरांची वर्गणी पुरेना, तेव्हा ज्या प्रवाशांना ही माणसे रोज सुखरूप पोचवत होती त्यांच्याकडे हात पसरण्याची वेळ आली. पण घाईत असलेल्या प्रवाशाला थांबवणार कसे? हे कोडे एका गार्डाने सोडवले. जॉन क्लिंप्सन हे त्याचे नाव. लंडनहून न्यूहेवन बंदराकडे जाणाऱ्या रात्रीच्या बोटगाडीवर तो गार्ड होता. १८८० नंतरच्या वर्षांत त्याने एक कॉली जातीचा मेंढपाळ कुत्रा घेतला आणि त्याचे नावच ठेवले 'हेल्प', म्हणजे मदत. गळ्यात चांदीचा पट्टा, त्यावर मजकूर कोरलेला. कामावर मेलेल्या रेल्वे नोकरांच्या पोरक्या मुलांचा हा फिरता एजंट आहे, त्याचे ऑफिस लंडनमध्ये अमुक पत्त्यावर आहे आणि तिथे पैसे पाठवल्यास पोच मिळेल, असा त्याचा अर्थ होता. हा हेल्प गाडीगाडीने देशभर फिरला. १८९१ साली तो मेला, तोवर त्याच्यामुळे एक हजार पाऊंडांहून अधिक रक्कम जमली होती.

पट्ट्यावरचा तो पत्ता आणि ती पोच, या दोन गोष्टी कृपा करून ध्यानात ठेवा. त्यांचे काम पुढे पडणार आहे.

नोकरीतली इतर मंडळी

मग ही चालच पडली. पॅडिंग्टन स्टेशनावर टिम आला. वॉटर्लू स्टेशनावर वोकिंगच्या अनाथालयासाठी 'लंडन जॅक' आला. हा जॅक एकच नव्हता. एक निवृत्त झाला किंवा मेला की दुसरा त्याच नावाने हजर, जसा आपल्याकडे पाटील गेला तरी पाटीलकी राहते तसे.

यांतला उशिराचा नामांकित म्हणजे लॅडी. नाव ऐकायला 'बाई'सारखे वाटते, पण हा गडी होता. १९४८ सालचा जन्म, एअरडेल जातीचा. विंबल्डन स्टेशनावर १९४९ पासून १९५६ पर्यंत त्याने नोकरी केली आणि पाच हजार पाऊंडांहून जास्त जमवले. आम्हाला त्याची विशेष गोष्ट वाटली ती निवृत्तीची. १९५६ साली त्याच्या पाठीवरचा डबा उतरवला आणि ज्या वोकिंगच्या आश्रमासाठी तो पैसे जमवत होता, तिथेच त्याला राहायला पाठवले. चार वर्षे आरामात राहून १९६० साली तो गेला. आज तो यॉर्कच्या रेल्वे संग्रहालयाच्या ताब्यात आहे. जिम बिचारा पट्ट्यांतच मेला, लॅडीला मात्र पेन्शन मिळाली. मधल्या साठ वर्षांत माणसांना एवढी अक्कल आली, असे आम्ही समजतो.

गमतीने काय साधते?

मुक्या जनावराकडून माणसांची मने वळवून घेणे आपल्याला नवे नाही. नंदीबैलवाला दारात आला, ढोलक्याचा गुबुगुबु आवाज आला की, घरातली कामे टाकून आपण बाहेर येतोच ना? "पाऊस पडंल का?" विचारले की बैल मान डोलावतो. त्याला पावसातले काही कळत नाही हे आपल्यालाही ठाऊक, नंदीबैलवाल्यालाही ठाऊक. तरी पसाभर धान्य आपण देतोच, आणि देताना तोंडावर हसू असते.

यात एक व्यवहाराची गोष्ट आहे. रडून मागितले की माणूस एकदा देतो आणि दुसऱ्यांदा वाट बदलतो. हसवून मागितले की तो रोज देतो, पोराला कडेवर घेऊन देतो, आणि पोराच्या हातून नाणे टाकायला लावतो. शिवाय कुत्र्यापुढे कोणी मोठा नाही, कोणी लहान नाही. चेअरमनच्या हातची वर्गणी यादीत पहिली लागते आणि शिपायाची शेवटी. जिम दोघांसाठी एकदाच भुंकतो. सहकारात सभासद छोटा असो की मोठा, मत एकच, हे तत्त्व आपण सांगतो. ते त्या कुत्र्याने बरोबर पाळले होते.

पण एवढ्यावर भुलायचे नाही. गंमत डब्यापर्यंत पैसे आणते. डब्यातून पुढे ते कुठे जातात, तिथे गमतीचे काम संपते आणि कुलपाचे सुरू होते. हे आम्ही पुस्तकातले सांगत नाही. आमच्या हातून झालेली चूक आहे, ती आज सभासदांपुढे सांगून टाकतो.

आमची चूक

चार हंगामांपूर्वीची गोष्ट. रात्रीच्या वेळी चारीच्या पुलावर एक बैलगाडी उलटली. गाडीवान उसाखाली सापडला. दवाखान्यात नेईपर्यंत काही राहिले नव्हते. बीडकडचा माणूस, नवरा-बायकोचा एक कोयता. मागे बायको, नऊ वर्षांचा मुलगा आणि सहा वर्षांची मुलगी.

आम्हीच पुढाकार घेतला. काट्यावर एक वही ठेवली. सभासदांनी दिले, ट्रॅक्टरवाल्यांनी दिले, चिटबॉयपासून केमिस्टपर्यंत सगळ्यांनी दिले. आठ दिवसांत अठरा हजारांवर रक्कम जमली. आम्हाला बरे वाटले. ती बाई तोवर गावी गेली होती. टोळीचा मुकादम गावाकडे निघाला होता, त्याच्या हातात पैसे ठेवले आणि म्हटले, "तिच्या हातात पोचवा." त्याने मान डोलावली. आम्ही पावती मागितली नाही. एवढ्या दुःखाच्या वेळी पावती काय मागायची, असे वाटले.

पुढच्या हंगामात त्या बाईची जाऊ टोळीत आली. आम्ही सहज विचारले, "वहिनींना पैसे पोचले ना?" ती नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "कसलं पैसं, साहेब? उचलीत वळती झालं म्हणत्यात."

मुकादमाला बोलावले. तो काही पळून गेला नव्हता. वहीच काढून पुढे ठेवली. मयताच्या नावावर उचल होती, हंगाम अर्धाच झाला होता, बाकी राहिली होती. आमचे अठरा हजार तिथे जमा धरले होते. तो म्हणाला, "साहेब, माझ्याबी डोक्यावर देणं हाय. मी कुठनं भरू?" त्याचे म्हणणे ऐकून घेतले. राग आला होता, पण त्याच्यावर किती आणि स्वतःवर किती, हे आम्हाला त्या दिवशी सांगता आले नसते. पैसे मुलांसाठी आहेत, असे आम्ही कुठे लिहून दिले होते? तिच्या नावे खाते काढले होते? पोच घेतली होती? शेकडो माणसांनी विश्वासाने दिलेली रक्कम आम्ही एका खिशात टाकून मोकळे झालो होतो.

गोष्ट यार्डभर झाली. त्याच हंगामात दुसऱ्या एका टोळीतल्या बाईचा हात मोडला, तेव्हा आम्ही पुन्हा वही ठेवली. त्या वहीत तीन नावे आली. त्यांतले एक आमचे होते.

गेल्या हंगामात एका फडात पाहणीला गेलो होतो. एक मुलगा वाढ्याच्या पेंढ्या बांधत होता. चेहरा ओळखीचा वाटला म्हणून नाव विचारले. त्या गाडीवानाचा मुलगा. चुलत्याच्या कोयत्याबरोबर आला होता. आता तेरा वर्षांचा आहे. शाळेचे विचारले तर म्हणाला, "पाचवीपस्तोर गेलो." पेंढी मात्र घट्ट बांधत होता.

बंधूंनो, स्लाऊच्या कुत्र्याचा फोटो आला तो त्यानंतर पंधरवड्यात. म्हणून त्या रात्री आम्ही इतका वेळ वाचत बसलो होतो. हेल्पच्या गळ्यातल्या पट्ट्यावर पत्ता होता, आणि पोच मिळेल असे लिहिले होते. जिमच्या डब्यातली नाणी मोजून फंडात जात होती. कुत्र्याच्या पाठीवरच्या गल्ल्याला जी शिस्त होती, ती आमच्या वहीला नव्हती. आणि कुत्रा कोणाची उचल कापून घेत नाही.

मोत्याची परीक्षा

आपल्या काट्यावर मोत्या आहे. सर्वांच्या ओळखीचा. कोणाचा म्हणून नाही आणि सगळ्यांचा आहे. रांगेतल्या गाड्यांखाली झोपतो, गाडीवानांच्या भाकरीवर जगतो. आम्ही स्लिपबॉय मंडळींना जिमची गोष्ट सांगितली, तर ती पोरे दुसऱ्या दिवशी मोत्याला घेऊन हजर!

पहिली अडचण अशी की, मोत्या पैसे न घेताच भुंकतो. तेव्हा त्याला भुंकण्याऐवजी पुढचा पाय हातात द्यायला शिकवले. चपातीचे तुकडे बरेच खर्ची पडले. बाजारातल्या चांभाराने जुन्या कॅनव्हासच्या पट्ट्याचे खोगीर करून दिले, मजुरी घेतली नाही. वर्कशॉपने पत्र्याचा छोटा डबा केला, त्याला दोन कुलपे. पहिल्या संध्याकाळी मोत्या डब्यासकट चिखलात लोळला. दुसऱ्या संध्याकाळी एका जागी बसून राहिला, हलेचना. तिसऱ्या संध्याकाळी मात्र उठला आणि रांगेतून चालू लागला.

पहिले नाणे कोणी टाकले? आम्हाला वाटले होते एखादा ट्रॅक्टरवाला बागायतदार टाकील. टाकले ते एका गाडीवानाने. दहाचे नाणे होते. आम्ही म्हटले, "अहो, तुम्ही कशाला?" तर म्हणाला, "आमच्यातल्याच पोरान्ला हाय न्हवं? मग आमचं नगं का?" मोत्याने पाय दिला. त्यानेही वाकून हात मिळवला आणि रांगेत हशा पिकला. त्यानंतर डबा वाजतच राहिला.

काही तरुण म्हणाले, साहेब, सुटे पैसे आता कोण बाळगतो? मोत्याच्या पाठीवर फोनवरून पैसे पाठवायचा चौकोन चिकटवा. सूचना वाईट नाही. पण ते खाते कोणाचे, हे ठरल्याशिवाय चौकोन चिकटवायचा नाही, असे आम्ही सांगितले. एकदा पोळलो आहोत.

चार संध्याकाळी मोत्या हिंडला. बाजारच्या दिवशी कॅशियर, तळावरच्या मुलांना शिकवणाऱ्या बाई आणि गाडीवानांपैकी दोघे, अशा चौघांसमोर डबा उघडला. ९१ नाणी, दहाच्या ११ नोटा आणि सदऱ्याचे एक बटण निघाले. एकूण ४१७ रुपये. बटण सोडून. आकडा काट्यावरच्या फळ्यावर लिहिला. रक्कम कॅशियरकडे, पावती बाईंकडे. त्यानंतर हंगाम संपला.

पुढे काय?

४१७ रुपयांत कोणाचे शिक्षण होत नाही, हे आम्हाला कळते. पण येत्या हंगामात हे रीतसर करावे, अशी आमची विनंती आहे. संचालक मंडळापुढे आम्ही पुढील गोष्टी लिहून दिल्या आहेत.

१) पैसे फक्त तोडणी-वाहतुकीच्या कामात आई किंवा बाप गेलेल्या अथवा अपंग झालेल्यांच्या मुलांसाठी. रक्कम मुलाच्या आणि आईच्या जोडखात्यात थेट जमा व्हावी. मुकादम, नातेवाईक, गट ऑफिस, आम्ही स्वतः, कोणाच्याही हातात रोख द्यायची नाही.

२) डब्याच्या दोन किल्ल्या दोघांकडे. एक कॅशियरकडे, दुसरी तळावरच्या महिलांनी निवडलेल्या बाईकडे.

३) दर बाजारच्या दिवशी चौघांसमोर मोजणी, आकडा फळ्यावर, आणि हंगामाअखेर याच पत्रिकेत हिशेब.

४) मोत्याला रोज संध्याकाळी फक्त दोन तास काम. उन्हात नाही, गव्हाणीजवळ नाही, चालत्या चाकांमध्ये नाही. जनावरांच्या दवाखान्यातून रेबीजची लस टोचून घ्यावी. त्याला नको असेल त्या दिवशी सुट्टी. म्हातारपणी भाकरी चालू.

५) ट्रेलरची पिन टाकताना मध्ये माणूस उभा राहणार नाही, आणि रात्री प्रत्येक बैलगाडीला मागे चमकणारी पट्टी असेल, याची तपासणी काट्यावर व्हावी. हे कलम गल्ल्यात कशाला, असे विचाराल. ज्या फंडाला कमीत कमी मुले लागतील तो फंड चांगला, म्हणून.

आणखी एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. हा गल्ला हक्काच्या जागी नाही. जिम १८९६ साली मेला आणि पुढच्याच वर्षी, १८९७ साली, इंग्लंडात कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. त्यानुसार रेल्वेसारख्या धोक्याच्या कामांत मालकाची चूक सिद्ध न करताही भरपाई मागता येऊ लागली. कुत्र्यामुळे कायदा झाला असे आम्ही म्हणत नाही. पण कुत्रा नाणी गोळा करतो म्हणून कायदा नको, असेही तिथल्या कामगारांनी म्हटले नाही. आपल्या देशात असा कायदा १९२३ साली आला. आज आपल्या राज्यात लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे, तोडणी कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृहांची योजना आहे. महामंडळासाठी टनामागे रक्कम देण्याची जबाबदारी कारखान्यांवर, म्हणजे पर्यायाने आपणा सभासदांच्या संस्थेवर आहे. ती वेळेवर दिली जाते का, आपल्या टोळ्यांतल्या किती कामगारांची नोंदणी झाली आहे, हे वार्षिक सभेत विचारण्याचा सभासदांना हक्क आहे. तो त्यांनी वापरावा. मोत्याला ते विचारता येत नाही.

त्या मुलाच्या चुलत्याशी आम्ही बोललो आहोत. येत्या जूनमध्ये मुलाला वसतिगृहात घालायला तो तयार आहे असे म्हणतो. कागदपत्रे गोळा करायचे काम आम्ही अंगावर घेतले आहे. उशीर झाला आहे. पाचवीनंतरची वर्षे गेली ती गेली, आणि त्यांतला काही वाटा आमचा आहे.

सभासद बंधूंनो, या हंगामात काट्यावर याल तेव्हा दोन-चार सुटी नाणी खिशात असू द्या. घरची पोरे बरोबर असतील तर त्यांच्या हातून टाका. मोत्या पाय पुढे करील. तो जरा मळका असतो, पण हात मिळवायला लाजू नका. आणि जाता जाता फळ्यावरचा आकडा वाचून जा. तो चुकला असे वाटले, तर तिथल्या तिथे विचारा.

पुढच्या अंकात पुन्हा पाचट. त्यातून सुटका नाही.

आपला,
ऊस विकास अधिकारी